बोराझीन आणि पाऱ्याची वाफ

बोरॉन नायट्राइड हा दिसायला खडूसारखा पांढरा आणि हाताला ग्रॅफाइटसारखा निसरडा पदार्थ. इंग्लिश रसायनज्ञ बाल्मेन यांनी १८४२ साली बोरिक आम्ल आणि पोटॅशियम सायनाइड तापवून तो मिळवला. पण अशी मिळते ती भुकटी. धातूच्या पत्र्यावर एका अणूच्या जाडीचा थर चढवायचा असेल, तर भुकटी काय कामाची? त्यासाठी बोरॉन आणि नायट्रोजन आधीच जोडलेले असतील, असा सहज वाफ होणारा कच्चा माल हवा. बोराझीन हा तसाच एक द्रव. त्याच्या रेणूत तीन बोरॉन आणि तीन नायट्रोजन आळीपाळीने कडे करून असतात. तो खूप तापवला, की हायड्रोजन निघून जातो आणि मागे बोरॉन नायट्राइड राहते.

आता तुम्ही विचाराल, हे बोराझीन आले कुठून? १९२६ साली जर्मनीत आल्फ्रेड श्टॉक आणि एरिश पोलांड यांनी ते डायबोरेन आणि अमोनियापासून प्रथम तयार केले. डायबोरेनच्या जातीचे वायू मोठे तापट. हवा लागली की पेट घेतात, पाण्याने विघटित होतात, काचेच्या तोट्यांना लावलेले ग्रीससुद्धा खातात. म्हणून श्टॉक यांनी सगळे काम बंद, निर्वात काचनळ्यांत नेले आणि तोट्यांच्या जागी पाऱ्याच्या झडपा बसवल्या. पंपात पारा, दाबमापकात पारा. युक्ती नामी होती. आजही असे वायू हाताळताना निर्वात नळ्याच वापरतात.

पण तो पारा खोलीच्या हवेत मिसळत होता. श्टॉक यांना वर्षानुवर्षे डोकेदुखी, चक्कर, न हटणारी सर्दी. उपचार चालले नाकावर! १९२४ मध्ये बर्लिनचे विषतज्ज्ञ लुई लेविन यांनी खऱ्या कारणावर बोट ठेवले. तोवर स्मरणशक्ती इतकी ढासळली होती, की यादीत पाहिलेला दूरध्वनी क्रमांक फोनपाशी पोहोचेपर्यंत विसरायला होई.

हे सारे त्यांनी १९२६ सालीच, म्हणजे बोराझीनच्याच वर्षी, रसायनज्ञांच्या नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापले. बुद्धीवर जगणाऱ्या प्राध्यापकाने आपला विसराळूपणा असा चव्हाट्यावर मांडणे मला बोराझीनच्या शोधाहून अवघड वाटते. पुढे हवेतल्या आणि शरीरातल्या पाऱ्याचा सूक्ष्म अंश मोजण्याच्या रीती शोधण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली. १९४६ मध्ये ते वारले.