चाकरी कोणाची सुटली?

आज शेताच्या मालकीचा वाद दिवाणी कोर्टात जातो, कामावरून काढलेला कामगार कामगार न्यायालयाची पायरी चढतो आणि वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी बार कौन्सिल करते. जमीन, नोकरी आणि वर्तन या तीन वेगळ्या बाबी आहेत, हे आपण गृहीतच धरलेले आहे. शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या गावाला मात्र ही वाटणी परकी वाटली असती. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, महारकी यांपैकी कोणतेही वतन घेतले तरी त्यात इनाम जमीन असे, वंशपरंपरेचे काम असे, कामाचा मोबदला म्हणून हक्क-बलुते असे आणि गावातला मान-पानही असे. वतनाचा तंटा उभा राहिला की या सगळ्यांचा निकाल एकदमच लागे. ही गाठ पुढे ब्रिटिश अमदानीत सुटली. त्याबद्दल एक पक्ष हळहळतो आणि दुसरा समाधान मानतो. माझ्या मते गाठ सुटली याहून ती कोणासाठी आधी सुटली आणि कोणासाठी रेंगाळली, हे महत्त्वाचे आहे.

वतनाचा वाद गोतसभेपुढे येई. गोत म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत; गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, मिरासदार आणि बलुतेदार हे सगळे त्यात येत. वाद परगण्याचा असला तर देशमुख-देशपांडेही बसत. वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरी (कैफियती) लिहून देत आणि निकाल मानण्याबद्दल जामीन देत. मग कागद, प्रत्यक्ष भोगवटा आणि साक्ष या क्रमाने पुरावा पाहिला जाई. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर तापल्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढण्याच्या रवादिव्यासारख्या उपायांपर्यंत मजल जाई. गावच्या गोतावर भरवसा नसलेला पक्ष दुसरे थळ, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा, मागू शके. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चिन्हे उमटत. हरलेला येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई आणि गुन्हेगारी म्हणजे दंड भरे. जिंकलेल्याला हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, सरकारला द्यावी लागे. महजरावर निशाणी करणारे लोकच उद्या त्या वतनदाराकडून काम करून घेणार असत आणि त्याला बलुतेही तेच देणार असत. त्यामुळे निकालाची अंमलबजावणी त्याच कागदात सामावलेली असे. कामात कसूर झाली किंवा वतनदार बंडाला मिळाला, तर सरकार वतन अमानत, म्हणजे जप्त, करी. म्हणजे वर्तनाची शिक्षा थेट जमिनीवर आणि हक्कांवर पडे.

1818 साली पेशवाई संपल्यावर ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने पंचायती लगेच मोडल्या नाहीत. 1819 च्या आपल्या अहवालात त्याने त्यांचे दोष नोंदवले, तरी त्या टिकवाव्यात असाच त्याचा कल होता. पण 1827 च्या कायदेसंहितेने दिवाणी अदालती पक्क्या झाल्या आणि पंचायत हळूहळू बाजूला पडली. कायद्याचा लेखी नियम नसेल तिथे देशरिवाज पाहावा, असे त्या संहितेने सांगितले होते. न्यायाधीशांनी रिवाज पाहिलाही. मात्र पाहताना त्यांची नजर मिळकतीवर स्थिरावली. 1862 साली स्थापन झालेल्या मुंबई हायकोर्टाने गावजोशीपणासारख्या वंशपरंपरागत हक्कांना धर्मशास्त्रातल्या ‘निबंध’ (नियमित मिळणारी ठरीव प्राप्ती) या कल्पनेच्या आधारे स्थावर मिळकतीचा दर्जा दिला. परिणाम असा झाला की यजमानाने दुसऱ्या भटजीकडून लग्न लावून घेतले, तरी वतनदार जोशी दक्षिणेसाठी दावा लावू शके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला सत्यशोधक मताच्या कुटुंबांनी ब्राह्मणाविना लग्ने लावली, तेव्हा तिथल्या जोशांनी असाच दावा केला आणि तो हायकोर्टापर्यंत गेला. जोशीपण ही सेवा होती, पण कोर्टात ती जमिनीच्या तुकड्यासारखी उभी राहिली. सेवा नको म्हणणाऱ्या यजमानाला या हक्काच्या जाचातून सोडवायला अखेर कायदेमंडळाला 1926 साली कायदा करावा लागला.

यावर असा आक्षेप येईल की कोर्टांनी नवे काहीच शोधले नाही; जोशाचा हक्क गोतसभाही मान्य करीतच होती. हे खरे आहे. पण गोतसभेपुढे हक्क मागणारा त्याच गावाला बांधलेला होता. यजमानांनी त्याला वाळीत टाकले तर कागदावरचा हक्क कोरडाच राही. कोर्टाने हक्काला सरकारी डिक्रीचे बळ दिले आणि गावाच्या संमतीची गरज उरली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोतसभेचे एवढे गोडवे कशाला? तिथे जातीची उतरंड होती, दिव्यासारखा अघोरी पुरावा होता आणि एकच तंटा पिढ्यान्‌पिढ्या नव्या थळी उकरला जाई. हे सारे मान्य करायलाच हवे. शिवाय हक्क आणि कर्तव्य यांची सांगड सर्वांसाठी सारखी कधीच नव्हती. पाटलाला चाकरीबरोबर मान मिळे, तर महाराला चाकरीबरोबर वेठ. म्हणून जुनी गाठ सुटणे हे माझ्या मते चांगलेच झाले. तक्रार आहे ती सुटण्याच्या क्रमाबद्दल.

हा क्रम 1874 च्या वतन कायद्यात उघड दिसतो. वतनदाराशी ठराव करून चाकरी माफ करण्याची तरतूद त्यात होती. तिचा लाभ मोठ्या प्रमाणावर कुलकर्ण्यांना झाला: काम पगारी तलाठ्याकडे गेले, वतनी जमीन घराण्यात राहिली. महार वतनात मात्र जमीन थोडी, वाटेकरी फार आणि सरकारी कामाला ना वेळेची मर्यादा ना पुरता मोबदला. तिथे चाकरी कायम राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकाचा रोख नेमका यावर होता. ज्यांची इच्छा असेल त्या महारांनी जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, ही त्यांची मागणी होती. इतर वतनदारांना मिळालेली सवलतच ते मागत होते. तरीही 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले.

शेवटी 1958 च्या कायद्याने महारकीसारखी कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि ठराविक रक्कम भरणाऱ्यांना जमिनी पुन्हा मिळाल्या. पण नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाहीत अशा. ‘6 ब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जमिनींवर बेकायदा हस्तांतराचे आणि कब्जाचे वाद अजूनही महसूल कचेऱ्यांत चालू आहेत. शर्तीचा हेतू जमीन दुबळ्याच्या हातून निसटू नये हा होता आणि तो योग्यच होता. पण जमीन परत मिळूनही कायद्याने तिच्या धारकाला परवानगी मागणाराच ठेवले, हेही तितकेच खरे. वतनाच्या न्यायाचा इतिहास पंचायत बरी की कोर्ट बरे या वादात अडकवू नये. एकाच कायद्याखाली कुलकर्ण्याची चाकरी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच सुटू लागली होती. महाराची चाकरी कायद्याने संपायला स्वातंत्र्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला.