दहावा पुरुष

यहुदी धर्माविषयीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकांस जी थोडीबहुत माहिती असते, तींत ‘बार मित्झ्वा’ हें नांव बहुधा असतें; आणि ‘यहुद्यांची मुंज’ एवढ्या दोन शब्दांत त्याचा अर्थ सांगून आपण मोकळे होतों. तेरा वर्षांचा मुलगा, नवीं वस्त्रें, जमलेले आप्तेष्ट, अपरिचित भाषेंत म्हटलेला पाठ आणि शेवटीं भोजन, हें सर्व पाहिलें म्हणजे मुंजीची आठवण होणें स्वाभाविक आहे. आम्हीही पुष्कळ वर्षें तसेंच समजत होतों. परंतु एका बेने इस्रायल स्नेह्यांच्या घरच्या अशा प्रसंगास प्रार्थनामंदिरांत जाण्याचा योग आला, आणि तेथील एका लहानशा गोष्टीनें आमची ही समजूत डळमळली. प्रार्थना सुरू होण्यापूर्वीं दोन वृद्ध गृहस्थ दाराशीं उभे राहून आंत आलेल्या मंडळींचा अदमास घेत होते. पाहुणे पुष्कळ होते, पण त्यांच्या हिशेबांत आम्हां पाहुण्यांस किंवा स्त्रियांस स्थान नव्हतें. नऊ झाले होते. दहावा कोण, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांतील एकानें त्या मुलाकडे बोट दाखविलें.

सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हवेत, असा यहुद्यांचा जुना दंडक आहे. या गणसंख्येस ‘मिन्यान’ म्हणतात. ती भरली नाहीं तर धर्मग्रंथाची गुंडाळी पेटींतून बाहेर निघत नाहीं आणि मृतांच्या नांवें म्हणावयाची ‘कद्दीश’ ही प्रार्थनाही होत नाहीं. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवून या विधीच्या इतिहासाकडे पाहिलें, तर तो मुलाच्या कौतुकाचा सोहळा आहे त्याहून अधिक समाजाच्या गरजेचा प्रसंग आहे, असें दिसून येतें.

प्रथम शब्दच घेऊं. ‘बार’ म्हणजे अरामी भाषेंत पुत्र, आणि ‘मित्झ्वा’ म्हणजे हिब्रूंत आज्ञा. ‘आज्ञापुत्र’ असें त्याचें भाषांतर आपणांस करतां येईल. परंतु हें मूळचें विधीचें नांवच नव्हे; तें माणसाचें नांव आहे. तालमुदांत हा शब्द येतो, तो धर्माज्ञांनीं बांधलेला मनुष्य एवढ्याच अर्थानें. मिश्नेच्या ‘पिर्के आवोथ’ या प्रकरणांत आयुष्याच्या पायऱ्या सांगतांना पांचवें वर्ष शास्त्रवाचनाचें, दहावें मिश्नेचें, तेरावें आज्ञांचें आणि अठरावें विवाहाचें असा क्रम लावला आहे. हा भाग मागाहून जोडला असावा असें विद्वान् म्हणतात. तथापि तेराव्या वर्षाची मर्यादा जुनीच आहे. मुलगी तर बाराव्या वर्षींच आज्ञांस बांधली जाते. हें बंधन वयाबरोबर आपोआप येतें. त्यासाठीं कोणताही विधि लागत नाहीं, आणि विधि न केल्यानें तें टळतही नाहीं.

येथेंच मुंजीशीं असलेलें साम्य संपतें. मुंज झाल्यावांचून बटूस वेदाध्ययनाचा अधिकार नाहीं. संस्कार हाच अधिकाराचें कारण. उलट आज्ञापुत्राचा अधिकार जन्मतिथीनें सिद्ध होतो व विधि त्याची केवळ जाहीर घोषणा करतो. दुसरा भेद असा कीं, मुंजीनंतर अध्ययनास आरंभ होतो, तर येथें अध्ययन आधीं व्हावें लागतें. कारण त्या दिवशीं मुलास सर्वांदेखत वाचून दाखवावयाचें असतें.

मग हा विधि उत्पन्न तरी कसा झाला? याचें उत्तर मोठें विलक्षण आहे. तालमुदाच्या काळीं शब्बाथच्या दिवशीं ग्रंथवाचनासाठीं जे सात जण बोलावीत, त्यांत अज्ञान मुलासही बोलावण्यास हरकत नव्हती. स्त्रीसही तत्त्वतः हरकत नव्हती; फक्त सभेच्या मानाखातर तिनें वाचूं नये, असें शास्त्यांनीं ठरविलें. जो दरवाजा लहान मुलासही उघडा होता, त्यांतून तेराव्या वर्षीं आंत जाण्यांत कसला समारंभ? मध्ययुगांत जर्मनी व उत्तर फ्रान्स येथील यहुद्यांत हळूहळू निराळें वळण पडलें. धर्मकृत्य समजून उमजून करणारानेंच करावें, या विचारास जोर आला आणि मुलांस वाचनास बोलावणें मागें पडलें. कपाळास व हातास बांधावयाच्या ‘तेफिलीन’ या चर्मपेटिका पूर्वीं समजदार लहान मुलगाही बांधूं शकत असे. सोळाव्या शतकांत पोलंडचे शास्त्री मोझेस इसर्लेस यांनीं तेरा वर्षांच्या आधीं त्या न बांधण्याची रूढि नमूद केली आहे. याप्रमाणें दार बंद झालें, आणि बंद झालें म्हणूनच तें उघडण्याच्या दिवसास महत्त्व आलें. त्याच शतकांतील सॉलोमन लुरिया यांच्या ग्रंथांत या दिवसाच्या भोजनाची चर्चा आहे. म्हणजे तोंवर पंगतीपर्यंत मजल गेली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांस जवळची वाटेल. त्याच प्रदेशांत पूर्वीं पांचसहा वर्षांच्या मुलास शावुओथच्या सणीं गुरूकडे नेऊन, पाटीवरील अक्षरांस मध लावून तो त्यास चाटावयास देत. आपल्याकडील पाटीपूजनाचीच ही बहीण. तेराव्या वर्षाचा विधि जसजसा वाढला, तसतशी ही मधाची चाल मागें पडली. अक्षरांच्या गोडीची जागा अक्षरांच्या जबाबदारीनें घेतली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ती जबाबदारी हलकी नाहीं. तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हातानें लिहिलेली असते. तींत स्वरचिन्हें नसतात, विरामचिन्हें नसतात, आणि पाठाचे सूर दाखविणाऱ्या खुणाही नसतात. मुलास ते सर्व छापील पुस्तकावरून मुखोद्गत करावें लागतें आणि मग नुसत्या व्यंजनांकडे पाहून म्हणावें लागतें. वाचतांना अर्थ बदलेल अशी चूक झाली, तर ऐकणारे तेथल्या तेथें मोठ्यानें शुद्ध उच्चार सांगतात व मुलास तो शब्द पुन्हा म्हणावा लागतो. यांत अपमान नाहीं. साठ वर्षांच्या वाचकासही हाच नियम. त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील ‘हफ्तारा’ हा उतारा पुष्कळदां त्याच्याकडेच असतो. जर्मन-पोलिश परंपरेंत बाप एक लहानसें स्तोत्र म्हणतो. त्याचा आशय असा कीं, या मुलाच्या दोषांच्या शिक्षेंतून मला सोडविणारा धन्य असो. बापाच्या तोंडीं हे उद्गार प्रथम कठोर वाटतात. परंतु मुलाच्या कृत्यांचा जाब आतां मुलासच विचारला जाईल, हें इतक्या स्पष्टपणें सांगणारा बाप आपल्या समाजांत आम्हांस क्वचितच आढळला आहे.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. बेने इस्रायल लोकांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रांत गेले. सुंता, शनिवारची विश्रांति, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढेंच त्यांजपाशीं उरलें. तेलाचा घाणा शनिवारीं बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. ज्यांजपाशीं ग्रंथ नाहीं, त्यांच्या मुलानें तेराव्या वर्षीं वाचावें तरी काय? आज्ञा पाळणारा समाज होता, पण आज्ञा वाचून दाखविण्याची सोय नव्हती.

ती सोय हळूहळू झाली. कंपनीच्या पलटणींतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे टिपूच्या कैदेंतून सुटून आले व त्यांनीं १७९६ सालीं मुंबईस बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. हे लोक प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत. दिवेकरांची ती जुनी मशीद. इमारत झाली, पण गुंडाळ्या हव्या होत्या. त्या आणण्यासाठीं दिवेकर कोचीनला गेले व १७९७ सालीं तेथेंच वारले, असें सांगतात. पुढें कोचीनहून शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांचा हेतु धर्मांतराचा होता, परंतु त्या व्याकरणाच्या आधारें बेने इस्रायल आपल्याच धर्माचे ग्रंथ वाचूं लागले. १८४६ सालीं पेसाहच्या रात्रीं वाचावयाची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह मुंबईंत शिळाछापावर निघाली. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत इस्रायली मुलांची शाळा काढिली. १८४८ सालीं अलिबागेस, १८६३ सालीं पेणेस व १८६७ सालीं पुण्यास प्रार्थनामंदिरें झालीं. म्हणजे तेरा वर्षांच्या मराठी मुलाच्या तोंडून जो पाठ आज ऐकूं येतो, त्याच्या पाठीशीं अदमासें शंभर वर्षांची खटपट आहे.

या इतिहासाचें दुसरें टोंक मुलींच्या हातीं आहे. न्यूयॉर्क येथें १८ मार्च १९२२ रोजीं मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या कन्या ज्युडिथ यांनीं भरल्या सभेंत ग्रंथवाचन केलें. त्यांस गुंडाळीजवळ जाऊं दिलें नाहीं. त्यांनीं खालीं उभ्या राहून छापील पुस्तकांतून वाचिलें. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्ममंडळानें स्त्रियांस गणसंख्येंत धरण्यास मान्यता दिली. आपल्या देशांतही १९५६ सालीं बांधलेल्या दिल्लीच्या ज्युडा हायम प्रार्थनामंदिरांत स्त्रियांस मोजण्याची रीत पडली. तेथें ती वादविवादांतून आलेली नाहीं. पुरुष दहा होईनात, म्हणून आली. सनातन पंथाच्या मंडळींस ही रीत मान्य नाहीं, व त्यांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. नियम एकदां गरजेपुढें वांकविला म्हणजे तो कोठें थांबेल, ही त्यांची भीति खरी आहे. परंतु तालमुदाचा तो जुना उघडा दरवाजा आठवला म्हणजे, बंद करणें हेंही मनुष्याचेंच कृत्य होतें, असें आम्हांस वाटतें.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि बेने इस्रायल कुटुंबें तिकडे जाऊं लागलीं. तेथें त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका घेतली गेली. लढा देऊन १९६४ सालीं त्यांस पूर्ण मान्यता मिळाली. १९५१ च्या खानेसुमारींत भारतांत २०,००० हून अधिक यहुदी होते. २०११ च्या खानेसुमारींत ते ५,००० च्या आंत आले. कोंकणांतील कित्येक प्रार्थनामंदिरांच्या भिंती धड आहेत, दिवे आहेत, गुंडाळ्या आहेत; दहा माणसें मात्र सणासुदीस मुंबईहून यावीं लागतात.

त्या दिवशीं तो मुलगा दोन ठिकाणीं चुकला. दोन्ही वेळां चहूंकडून आवाज आला, त्यानें मान खालीं घालून शब्द पुन्हा म्हटला आणि तो पुढें गेला. वाचन संपतांच वरच्या सज्जांतून स्त्रियांनीं त्याच्यावर मिठाई टाकिली. भोजनाच्या वेळीं सर्व जण त्याची पाठ थोपटीत होते. दाराशीं उभे असलेले ते वृद्ध गृहस्थ मात्र त्याच्या बापाजवळ आले आणि हळूच म्हणाले, “सोमवारीं सकाळीं शाळेच्या आधीं याला पाठवाल ना? आम्ही नऊच आहोंत.”