मुसीचे पाणलोट क्षेत्र आणि शासनादेश १११

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या महापुराने हैदराबाद शहराची वाताहत झाली. हजारो माणसे बुडाली, नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. पुढील वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दीर्घकाळ काम केलेल्या या स्थापत्यविशारदाचे नाव खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आधीच झालेले होते. केवळ शहरातील काठ उंच करून भागणार नाही, पाणी नदीच्या वरच्या अंगासच अडविले पाहिजे, हा त्यांच्या शिफारशींचा गाभा होता. त्यानुसार १९२० साली मुसीवर उस्मानसागर व १९२७ साली तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. पूर रोखणे हा त्यांचा आद्य हेतू होता. शहरास पिण्याचे पाणी पुरविणे हा दुसरा. हा क्रम पुढील इतिहास समजण्यास महत्त्वाचा आहे.

जलाशयाचे भवितव्य त्याच्या भिंतीपेक्षा पाणलोटाच्या जमिनीवर अधिक अवलंबून असते. मोकळ्या व नांगरलेल्या जमिनीत पाऊस मुरतो आणि ओढ्यांना सावकाश येऊन मिळतो. तीच जमीन डांबर, काँक्रीट व छपरांनी झाकली गेली, की पाणी मुरावयाचे थांबते. पावसाळ्यात ते एकदम लोंढ्याने येते, रस्त्यावरील तेल व घाण बरोबर आणते. पावसाळा सरल्यावर मात्र ओढे लवकर आटतात. म्हणजे पक्क्या बांधकामाने पाण्याची शुद्धता आणि पुराचे नियंत्रण या दोहोंसही बाध येतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शहर या जलाशयांच्या दिशेने पसरू लागले, तेव्हा आंध्र प्रदेश शासनाने ८ मार्च १९९६ रोजी शासनादेश १११ काढला. जलाशयांपासून १० किलोमीटरच्या परिसरात प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांस त्याने बंदी केली. ८४ गावे या आदेशाखाली आली. पाणलोटातील सुमारे ९० टक्के जमीन शेती व फळबागांखाली राहावी, गावांच्या निवासी विभागातील नव्या आखणीत ६० टक्के क्षेत्र मोकळी जागा व रस्ते यांसाठी सोडावे आणि चटईक्षेत्राचे प्रमाण १ : ०.५ पेक्षा अधिक नसावे, अशा त्यातील प्रमुख अटी होत्या. येथे एक उणीव ध्यानात येते. फरसबंदी किती असावी, हे आदेशाने थेट मोजलेच नाही. उलट रस्त्यांची गणना मोकळ्या जागेबरोबर केली. वस्तुतः पाण्याच्या दृष्टीने डांबरी रस्ता आणि छप्पर यांत फारसा भेद नाही.

तरीही या निर्बंधास न्यायालयीन बळ मिळाले. प्रतिबंधित क्षेत्रात एरंडेलापासून रसायने बनविणाऱ्या कारखान्यास शासनानेच सूट दिली होती. आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायुडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सावधगिरीचे तत्त्व विशद केले आणि २००० साली ती सूट अमान्य ठरविली. पिण्याच्या पाण्यास धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योग काढू पाहणाऱ्यावर आहे, असा त्याचा आशय होता.

निर्बंधाचा पाया ढासळला तो निराळ्या दिशेने. १९६५ पासून मांजरा नदीचे पाणी हैदराबादेस येऊ लागले होते. बीड जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी मराठी वाचकास परिचित आहे. पुढे २००४ साली कृष्णेचे व २०१५ साली गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरून आणले गेले. जुन्या जलाशयांचा पुरवठ्यातील वाटा क्षीण झाला. याच कारणाचा आधार घेऊन तेलंगणा शासनाने एप्रिल २०२२ मध्ये शासनादेश ६९ काढून आधीचे निर्बंध उठविले. पाण्याची शुद्धता राखण्याचे तत्त्व तेवढे शब्दात कायम ठेवले.

या निर्णयास ग्रामस्थांची बाजूही होती. शहराच्या पाण्यासाठी आपल्या जमिनीचे मोल पंचवीस वर्षे रोखून धरले गेले आणि त्याचा मोबदला मिळाला नाही, ही त्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली याच प्रश्नास घातलेला हात येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. तेथील नियमांनी ओढ्यापासून १०० फूट व जलाशयापासून ३०० फूट अंतरात नवी फरसबंदी सामान्यतः वर्ज्य केली. परंतु त्याचबरोबर शहराने खुशीने विकणाऱ्यांकडून जमिनी घेतल्या आणि वरच्या गावांच्या सांडपाणी योजनांस पैसा पुरविला. हैदराबादेत निर्बंध आला, त्यामागचा करार आला नाही.

तथापि मूळ हेतूचा विसर ही याहून मोठी चूक होय. पिण्याचे पाणी दुसरीकडून आणता येते; पुराचे पाणी मात्र ज्या खोऱ्यात पडते तेथूनच वाहते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा १९०८ चा धडा जुना झालेला नाही हे दिसून आले होते. शासनादेश १११ ने जलाशयांचे समर्थन केवळ नळाच्या पाण्यावर उभे केले. नळास दुसरे पाणी मिळताच ते समर्थन कोसळले. संरक्षणाचा कायदा करताना त्याची सर्व कारणे नोंदविली नाहीत, तर एक कारण संपल्यावर उरलेली कारणेही संपली असे मानले जाते, हे या प्रकरणाचे तात्पर्य आहे.