एक जूनची मुले

आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर १ जूनला शुभेच्छांची रांग लागते. एकाच दिवशी इतके वाढदिवस कसे, असे माझी मुलगी विचारते. पुण्यात तिच्या वर्गात तसे नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कुठल्याही यादीत एकच तारीख पुन्हा पुन्हा दिसली, की खरी माहिती मिळाली नाही म्हणून कुणीतरी ठरावीक तारीख भरून टाकली, हे आम्ही ओळखतो. इथे ती कुणी भरली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शाळा उघडायच्या आठवड्यात गुरुजींनी.

संपादक मंडळाने मला शाळेचा इतिहास लिहायला सांगितला. मुख्याध्यापकांची यादी, खोल्यांची बांधकामे, निकालाचे आकडे हे सारे या अंकात इतरत्र येईलच. मला लिहायचे आहे ते जूनबद्दल. नवे वर्ष सुरू करताना आपल्या गावात पहिले काम नेहमी एकच राहिले आहे: घरोघर जाऊन मुले गोळा करणे आणि त्यांची नावे वहीत चढवणे.

ही वही कुठल्या भाषेत, कुठल्या सालात लिहायची हाही आपल्याकडे एके काळी प्रश्न होता. १९४८ पर्यंत सोयगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि जवळची शेंदुर्णी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आपली बोली, सोयरीक, बाजार सारे खानदेशाकडचे. कचेरी मात्र घाट चढून औरंगाबादेत. मध्ये करोडगिरीचे नाके. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार, आणि साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव. शेंदुर्णीच्या बाजारातून पोरासाठी पाटी आणायची तरी बापाला दोन राज्यांचा हिशेब करावा लागत असणार. सरकारी कागदावर साल फसली. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, आणि वर्ष सुरू होते ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून. मृगाच्या पावसाशी त्याचा काही संबंध नाही.

भाषेचे दुखणे याहून मोठे होते. संस्थानात माध्यमिक आणि पुढचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचेच. उर्दू ही काही परकी भाषा नव्हे, पण घरी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, अशा मुलाची शाळा चौथीतच सुटायची. लोकांनी आपल्या भाषेची शाळा काढायची म्हटली, तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहजी मिळत नसे. तरी औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईला १९१७ मध्ये योगेश्वरी उभी राहिली. अशा शाळांमधून शिकवणारी माणसे पुढे मुक्तिसंग्रामात दिसतात. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, हे आपण १७ सप्टेंबरच्या भाषणांत दरवर्षी ऐकले आणि दरवर्षी विसरलो. सीमेपलीकडे शेंदुर्णीत आचार्य गजाननराव गरुडांनी माध्यमिक शाळेसाठी चक्क सहकारी सोसायटी काढली. सहकार म्हटले की आपल्याला साखर आणि कर्ज आठवते. शाळाही तशी निघू शकते, हे आजही अनेकांना नवे वाटेल.

पोलीस कारवाईनंतर चित्र झपाट्याने बदलले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्यात नुसत्या प्राथमिक नव्हे, माध्यमिक शाळाही गेल्या. निजामाच्या काळापासून इकडे सरकारी हायस्कुले होती, त्यांच्या जिल्हा परिषदेच्या प्रशाला झाल्या. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना जिल्हा परिषदेची दहावीची शाळा असते हे पटत नाही. ‘प्रशाला’ हा शब्द त्यांना दोनदा सांगावा लागतो.

आता ती तारीख. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानंतरही खेड्यातली निम्मी बाळंतपणे घरी व्हायची आणि नोंद राहून जायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी वस्तीवर गेले की जन्मतारखेला उत्तर मिळे, ‘पोयाच्या आदल्या दिवशी.’ कुठल्या सालच्या पोळ्याच्या? ‘दुष्काळ पडला त्याच्या पुढल्या.’ मग गुरुजी बाहत्तरच्या दुष्काळावरून साल काढत, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहत, आणि १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडणार, त्या दिवशी वय पुरे भरलेले दिसले की प्रवेशाला कुणी हरकत घ्यायला नको. याला खोटी नोंद म्हणावे असे मला कधी वाटले नाही. ती नसती तर पोर आणखी एक वर्ष गुरांमागे गेले असते.

या तारखेचा दुसरा हप्ता अठ्ठावन्न वर्षांनी येतो. नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत ३१ मेला निरोप समारंभांची झुंबड उडते. आपल्या कितीतरी गुरुजींचाही वाढदिवस १ जूनच. त्यांच्या गुरुजींनी लिहिलेला. ते ३१ मेला नारळ-शाल घेऊन घरी जातात आणि पंधरा दिवसांनी शाळा उघडते ती त्यांची जागा रिकामी ठेवून.

जूनच्या बाकीच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हा सर्वांच्या नाकात अजून असेल. सुट्टीभर बंद खोल्यांचा वटवाघळांचा वास. जुन्या सेलमधला कोळसा कुटून काळा केलेला फळा. अर्ध्या किमतीला घेतलेली पुस्तके, आधीच्या मालकाने आतल्या चित्रांना मिशा काढलेली. १९९२ पासून काही मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया मिळू लागला. रुपयात तेव्हाही फारसे काही येत नव्हते. पण ‘पोरगी घरी राहिली तर रुपया बुडतो’ हे वाक्य बाईंना घरोघर वापरता येऊ लागले, आणि त्याने काम केले. माझ्या बाकावरची मैत्रीण त्या वाक्यामुळे सातवीपर्यंत आली.

जुन्या वह्यांची किंमत गावाला अलीकडे कळली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा शाळाशाळांतली प्रवेश-निर्गम रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. ज्यांनी कधी शाळेत पाऊल टाकले नव्हते ते आजोबांचे नाव शोधायला आले. पाने हात लावताच तुटत होती.

आणि वही आता संगणकात गेली आहे. गुरुजींचा जून पोर्टलपुढे जातो. मुलाचे नाव आधारशी जुळले तरच तो पटात धरला जातो. आधारवरचे ‘जगन्नाथ’ आणि रजिस्टरातले ‘जगू’ हे एकच पोर आहे, हे यंत्राला कोण सांगणार? माझ्या धंद्यातल्या लोकांनी ही व्यवस्था बांधताना वस्तीवरचा एक फेरा मारायला हवा होता, असे मला स्वच्छ वाटते. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्येच पुढे आणला. मोठ्या गावाला त्याचे काही वाटणार नाही. पण डोंगरालगतच्या वस्तीवर शाळा बंद झाली, तर सहा वर्षांचे पोर नाला ओलांडून किती दिवस येईल? आणि पोरगी? तिचे नाव पटावर राहील, ती राहणार नाही.

म्हणून दोन कामे सुचवते. पहिले, जुनी रजिस्टरे मुख्याध्यापकांच्या परवानगीने स्कॅन करायची. दिवाळीच्या सुट्टीत मी यंत्र घेऊन येते. मोडी आणि उर्दू वाचणारे कोणी ओळखीचे असेल तर मला कळवा. दुसरे, मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायचे घाटते आहे, तिला माझा विरोध आहे. त्याऐवजी वस्त्यांवरच्या मुलांसाठी वर्षभर रिक्षा लावावी. भाडे किती होते ते सरांनी काढून ठेवले आहे. कमानीच्या अंदाजपत्रकाबरोबर तो कागदही सभेत ठेवा, आणि ही सभा जूनच्या आत घ्या.