काचेवर उमटलेली मुंबई

दागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या साहित्याच्या जाहिराती कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत दिसू लागल्या. पण या कलेची देशातली पहिली संस्था निघाली ती मुंबईत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथे तशा संस्था दोन वर्षांनी आल्या. सभासदांत लष्करी आणि मुलकी इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा होता, तरी हिंदी सभासदांनाही तिथे जागा मिळाली.

त्यांतले ठळक नाव डॉ. नारायण दाजी यांचे. गोव्यातील मांद्रे हे या घराण्याचे मूळ गाव आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे थोरले बंधू. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. रसायने हाताळण्याची सवय असलेल्या डॉक्टराला छायाचित्रण अवघड वाटण्याचे कारण नव्हते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि ही विद्या हौशी वर्तुळाबाहेर पडली. हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गाचे विद्यार्थी. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. पोटापाण्यासाठी हा धंदा पत्करणाऱ्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांत त्यांची गणना होते.

त्या काळी एक फोटो काढायचा म्हणजे किती खटाटोप असे, याची आज कल्पना येणे कठीण आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत सर्वत्र रूढ झाली होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर आयोडाइड मिसळलेले कोलोडियन ओतायचे, काच हलकेच कलती करून ते चारी कोपऱ्यांपर्यंत पसरू द्यायचे आणि मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काच ओली असेपर्यंतच तिच्यावर चित्र उमटवावे लागे आणि ते लगेच धुवावेही लागे. कोलोडियनमधले ईथर उन्हाळ्यात भराभर उडून जाई, त्यामुळे हाताशी मोजकी मिनिटे उरत. स्टुडिओबाहेर काम करायचे तर अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी हे सगळे हमालांच्या डोक्यावरून न्यावे लागे. अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर प्रती उन्हात छापल्या जात. साहजिकच मुंबईच्या पावसाळ्यात हे काम रखडे. आज संग्रहालयांत टिकून असलेल्या या छायाचित्रांची खरी किंमत कळायची तर हे कष्ट लक्षात घ्यायलाच हवेत.

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे नियतकालिक काढले. त्यात मूळ छायाचित्रेच चिकटवलेली असत. नारायण दाजींची चित्रे त्यात आली. पुढे जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले, पहिला १८६३ मध्ये. भाटिया, मेमन, नागर ब्राह्मण स्त्रिया अशा समूहांची चित्रे घेऊन त्याने ती दुसऱ्याच दृश्यांच्या पार्श्वभूमीवर जोडली. कारागिरी विलक्षण आहे, पण त्यातली माणसे आपापल्या घरादारापासून तोडली गेली. त्यांची नावे गेली आणि जात तेवढी उरली. सरकारच्या आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत हीच दृष्टी अधिक उघड झाली. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना प्रजेची नोंद आणि वर्गवारी हवी होती आणि कॅमेरा त्यांना त्यासाठी सोयीचा वाटला.

हरिश्चंद्र चिंतामण यांच्या स्टुडिओत मात्र व्यापारी, विद्वान, संस्थानिक अशी मंडळी स्वतःहून, पैसे मोजून येत. कोणता अंगरखा घालायचा, हातात पुस्तक धरायचे की काठी, हे ती स्वतः ठरवू शकत. मुंबईच्या छायाचित्रणाच्या इतिहासात हा फरक सर्वांत मोलाचा आहे: एकीकडे माणसाची नोंद दुसरा कोणी करत होता, दुसरीकडे माणूस स्वतःच आपली ओळख मांडत होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हरिश्चंद्रांची चित्रे मांडली गेली. त्यांचा व्याप कॅमेऱ्यापुरता नव्हता. गीतेवरचे त्यांचे इंग्रजी भाष्य १८७४ मध्ये लंडनमध्ये छापले गेले.

रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दशकात तयार काचा बाजारात आल्या आणि तंबू, बाटल्या, घाई हे सारे संपले. धंदा वाढला. मुंबईच्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८८० च्या सुमारास स्टुडिओ काढला, तर निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली. त्याच वर्षीच्या जुलैत वॉटसन हॉटेलमध्ये ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. सावेदादांनी मग इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. स्टुडिओतल्या स्थिर चित्रांवर घडलेला हा हात भारतातल्या पहिल्या चित्रपटकारांपैकी एकाचा ठरला.