सुरक्षेच्या तसदीची कुळकथा

पैसे मागावयास आलेला मनुष्य खरोखरच खातेदार आहे की कोणी तोतया, याची खातरजमा करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या, पेढीच्या आणि पुढे बँकेच्या माथी होते, आणि त्या कामाचा खर्च, त्यातील चूक व तिची भरपाई हेही ओघानेच तिच्याच माथी येत असे. संगणक येण्यापूर्वी आपल्याकडील बँकेत धनादेश खिडकीत सरकवला की कारकून एक आकडा कोरलेले पितळी टोकन हाती ठेवी, धनादेश खातेवहीबरोबर आत जाई, तेथे अधिकारी नमुना सहीचे कार्ड काढून दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून न्याहाळी, आणि रुजुवात झाली म्हणजे रोखपाल टोकनाचा आकडा पुकारी. ग्राहकाच्या वाट्यास येणारी तसदी म्हणजे बाकावर बसून राहण्याची. आज घरबसल्या पैसे पाठवताना त्याला कार्ड, यंत्र, सांकेतिक आकडा आणि पडद्यावर सरकणारी मुदत यांच्याशी जी झटापट करावी लागते, तिचे मूळ शोधू गेल्यास असे दिसते की, त्या आतल्या अधिकाऱ्याचे काम थोडेथोडे करून ग्राहकाच्या घरी पोचते झाले आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष कागदाचा होता. पश्चिम जर्मनीत १९८०च्या सुमारास दूरचित्रवाणीचा पडदा आणि दूरध्वनीची तार यांच्या जोडीने चालणारी ‘बिल्डशिर्मटेक्स्ट’ ही सेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि घरातून बँकेला हुकूम देण्याची सोय प्रथमच सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. तारेवरून सही पाठवता येत नाही. म्हणून बँकेने टपालाने आकड्यांची एक यादी धाडावयाची, ग्राहकाने प्रत्येक व्यवहारास त्यातील एक आकडा खर्ची घालावयाचा आणि पेन्सिलीने त्यावर काट मारावयाची, असा शिरस्ता पडला. या आकड्यास तिकडे ‘टॅन’ म्हणत. एकदा वापरलेला आकडा पुन्हा चालत नाही, म्हणून तो कोणाच्या कानी पडला तरी निरुपयोगी. युक्ती इतकी सरळ होती. यादी संपत आली की नवी मागवावी लागे, आणि ती कोठे ठेवावी हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवला.

त्याच सुमारास, १९८१ साली, लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात यादीवाचून असे आकडे निर्माण करण्याची रीत मांडली. एका गुप्त संख्येवर असे गणित पुन्हापुन्हा करावयाचे की ज्याची उलट वाट सापडत नाही. अखेरचे उत्तर तेवढे समोरच्या संगणकापाशी ठेवावयाचे, आणि दर खेपेस त्याच्या एक पायरी मागचे उत्तर सादर करावयाचे. समोरचे दप्तर चोरीस गेले तरी चोरास मागच्या पायऱ्या काही सापडत नाहीत. दुसरी शाखा काळावर बेतलेली निघाली. केनेथ वाइस यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या ‘सिक्युरिटी डायनॅमिक्स’ या कंपनीने ‘सिक्युरआयडी’ नावाचे खिशात मावणारे साधन बाजारात आणले. त्यात एक गुप्त बीज आणि एक घड्याळ असे, आणि दोहोंच्या मेळातून दर साठ सेकंदांनी नवा आकडा उमटे. घड्याळ थोडे मागेपुढे झाले तर बँकेकडील यंत्र आजूबाजूच्या मिनिटांचे आकडेही चालवून घेई. परंतु ती साठ सेकंदांची मुदत माणसाच्या दृष्टीचा, बोटांचा वा वयाचा विचार करून ठरलेली नव्हती, आणि आकडा टंकता टंकता पालटण्याची जी चुटपुट आज सर्वांच्या परिचयाची आहे तिचा उगम येथे आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बँकेच्या नावाने खोटी पत्रे व खोटी पाने धाडून आकडे काढून घेण्याचा धंदा भरभराटीस आला आणि कागदी यादीची अब्रू गेली. यादीतील कोणताही न वापरलेला आकडा चालत असल्यामुळे एखादा मिळाला तरी ठकाचे काम भागे. म्हणून जर्मन बँकांनी आकड्यांना अनुक्रम दिले आणि ‘अमुक क्रमांकाचाच आकडा द्या’ असे विचारावयास प्रारंभ केला. मग ठक संगणकातच दबा धरून बसले आणि ग्राहकाने टंकलेला आकडा वाटेतच दुसऱ्या हुकुमास जोडू लागले.

इंग्लंडमध्ये यावर निघालेला तोडगा फार मोठ्या संख्येने घरोघरी गेला. बार्कलेज बँकेने २००७ साली ‘पिनसेंट्री’ हे गणकयंत्राएवढे साधन ग्राहकांस वाटले, आणि इतर बँकांनीही तशीच साधने दिली. त्याचा विधी असा: कार्ड खाचेत सारावे, कळ दाबून पिन टंकावा, ज्यास पैसे द्यावयाचे त्याचा खाते क्रमांक यंत्रावर टंकावा, नंतर रक्कम टंकावी, मग पडद्यावर आठ आकडे उमटतात ते संगणकावर उतरवून घ्यावेत. म्हणजे खाते क्रमांक एकदा संगणकावर आणि पुन्हा त्या लहानशा कळफलकावर. एक कळ चुकली की सारे प्रथमपासून. केंब्रिज विद्यापीठातील सार ड्रिमर, स्टीव्हन मर्डॉक आणि रॉस अँडरसन यांनी २००९ साली या साधनांची चिकित्सा करून दाखवून दिले की, काटकसरीच्या भरात त्यांच्या रचनेत दोष राहिले आहेत. इतकेच नव्हे, तर वाटेत गाठून पिन वदवून घेणाऱ्या लुटारूस तो खरा आहे की खोटा हे जागच्या जागी पडताळण्याचे साधनही या यंत्राने मिळवून दिले आहे.

तरीही त्या कंटाळवाण्या टंकनामागील तत्त्व खरे होते, हे मान्य केले पाहिजे. आकडा रक्कम आणि घेणारा यांच्याशी बांधलेला असेल तर तो वाटेत पळवूनही दुसऱ्या कामी येत नाही. आपल्या हुंडीच्या मजकुरात हीच दक्षता होती: रक्कम लिहावयाची, तिचे निमे लिहावयाचे, आणि त्याची दुप्पट म्हणून पुन्हा पूर्ण रक्कम नोंदवावयाची, म्हणजे एका ठिकाणी खाडाखोड करून भागत नसे. जर्मनीने हे टंकन टाळण्यासाठी एक अपूर्व यंत्र काढले. संगणकाच्या पडद्यावर पाच काळेपांढरे पट्टे लुकलुकतात, त्यांवर पाच प्रकाशग्राही डोळ्यांचे साधन तिरपे टेकवून धरावयाचे, आणि व्यवहाराचा तपशील त्या लुकलुकीतून आत शिरतो. पट्ट्यांची रुंदी डोळ्यांशी जुळली नाही तर अधिक-उण्याच्या खुणा दाबून चित्र लहानमोठे करावे लागते. पडद्यावर ऊन पडले असेल वा हात हलला तर पुन्हा आरंभ. जुन्या कागदी याद्या मात्र युरोपीय संघाच्या नव्या नियमांमुळे १४ सप्टेंबर २०१९ पासून बाद झाल्या.

या तसदीची मोजदाद करण्याचे यत्नही झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकवीस ग्राहकांना आपल्या बँकव्यवहारांची रोजनिशी ठेवावयास सांगितले, आणि गाऱ्हाण्यांचा मोठा वाटा वेगळ्या यंत्रांच्या वापराविषयी निघाला. ज्याचे चार बँकांत खाते त्याच्या खणात चार यंत्रे, आणि नेमके हवे ते कार्यालयात वा प्रवासात जवळ नाही, ही स्थिती कोणाच्या आळसातून उद्भवलेली नाही. प्रत्येक बँकेने ग्राहकाला फक्त आपलेच खाते आहे असे धरून चालल्याचा तो परिणाम आहे.

हिंदुस्थानात ही परंपरा निराळ्या वळणाने आली. काही बँकांनी कार्डाच्या पाठीवर अक्षरांच्या जाळीत आकडे छापून पाहिले. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९च्या परिपत्रकाने ऑनलाइन कार्डव्यवहारास १ ऑगस्टपासून, कार्डावर न छापलेल्या माहितीच्या आधारे, आणखी एक पडताळणी सक्तीची केली. आणि संगणकापेक्षा मोबाइल अधिक हातांत असल्यामुळे संदेशाने येणारा ‘ओटीपी’ हाच देशाचा सर्वमान्य शिरस्ता होऊन बसला. बँकेस यंत्र वाटावयाचे नाही, ग्राहकास सांभाळावयाचे नाही, अशी ही तजवीज दिसावयास अत्यंत सुटसुटीत होती. मात्र तिने खात्याची किल्ली दूरध्वनी कंपनीच्या हवाली केली. ८ मार्च २०२१ रोजी व्यापारी संदेशांच्या छाननीची नवी पद्धत अमलात येताच देशभर ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामकास ती छाननी आठवडाभर स्थगित करावी लागली. दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड काढून संदेश वळवून घेण्याची लबाडीही सर्वत्र फैलावली. आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत संदेशाखेरीज अन्य उपायांस उत्तेजन देण्यात आले आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसास आईच्या औषधपाण्याचे पैसे पुण्यातील खात्यातून भरावयाचे असले, तर पुष्कळदा केवळ ओटीपीसाठी इकडचे सिम तेथे जिवंत ठेवून त्यात मुदतीत पैसे भरत राहावे लागते. इकडे मोतीबिंदू झालेला निवृत्त शिक्षक नातवास हाक मारतो, नातू आकडा वाचतो, पुढे पासवर्डही त्याच्याच ध्यानात राहतो. घरातील प्रेमाचा हा व्यवहार बँकेच्या अटींत मात्र गुन्ह्यासारखा नोंदला जातो, आणि उद्या काही अघटित घडले तर ‘आकडा दुसऱ्यास का सांगितलात?’ हा प्रश्न त्या वृद्धासच विचारला जातो.

म्हणूनच तसदी हा सुरक्षेचा किरकोळ आनुषंगिक दोष आहे हे मत मला मान्य नाही. ज्या कुलुपास उघडण्यासाठी धन्यालाच शेजाऱ्याची मदत घ्यावी लागते ते कुलूप त्या धन्यापुरते निकामी ठरले, आणि यादी ड्रॉवरला चिकटवणारा, पिन डायरीत लिहिणारा वा ओटीपी नातवाकडून वाचून घेणारा प्रत्येक ग्राहक त्या निकामीपणाची साक्ष देत आहे. खिडकीपाशी मुखत्यारपत्राची सोय होती. वृद्धाच्या वतीने ठराविक रकमेपर्यंत, ठराविक कामापुरता अधिकार दुसऱ्यास देता येई. ऑनलाइन व्यवहारातही तशी मर्यादित आणि नोंदलेली मुखत्यारी मिळाली पाहिजे. आकड्याबरोबर रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव मोठ्या, स्पष्ट अक्षरांत आले पाहिजे. मुदत सर्वांत मंद हातास पुरेल इतकी असली पाहिजे. आणि ज्यास यातले काहीच जमत नाही त्याला शाखेच्या खिडकीत मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्काने सेवा मिळाली पाहिजे. पडताळणीचे श्रम ग्राहकाकडे आले ते आता परत जाणार नाहीत. परंतु ते श्रम त्याच्याकडून घ्यावयाचे असतील, तर ते त्याच्या ताकदीला झेपतील असे बेतण्याची आणि ते चुकले असता सांभाळून घेण्याची जबाबदारी बँकेकडेच राहिली पाहिजे.