ओमती ते मुंबई : विलंबाचा इतिहास

जबलपूरच्या ओमतीत आभासी वास्तवातील ऑनलाइन खेळ उघडायला वेळ लागला, की दोष सरसकट इंटरनेटच्या ‘स्पीड’ला दिला जातो. बँडविड्थ आणि विलंब या मात्र दोन भिन्न राशी आहेत, आणि विलंबाचा इतिहास अधिक बोलका आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे कित्येक वर्षे देशातल्या देशातले संदेशही बऱ्याचदा परदेशी फिरून येत. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. धावतो, मुंबई–न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० कि.मी. म्हणजे सरळ रेषेत तंतू टाकला तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद! खेळ सुरू होताना अशा अनेक फेऱ्या एकामागून एक होतात आणि विलंब साचत जातो. महागडा प्लॅन घेऊन प्रकाशाचा वेग वाढत नाही.

२००३ मध्ये देशांतर्गत वाहतुकीसाठी ‘निक्सी’ स्थापन झाली. २०१६ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईतून सुरू झाली. जबलपूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ८७० कि.मी., म्हणजे किमान फेरी ९ मिलिसेकंदांची. म्हणून खेळाचा सर्व्हर मुंबईचा निवडला आहे की सिंगापूरचा, हे आधी पाहावे. पिंग कमी असूनही खेळ रेंगाळत असेल, तर घरातले वायफाय आणि हेडसेटमधील भरलेली साठवण तपासावी.